दुनळी, बारा बोअर, मेड इन बेल्जियम: तीन पिढ्या वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

लोक मोबाईल दोन दिवस वापरतात आणि रिव्ह्यू लिहून मोकळे होतात. मी सत्तर वर्षं घरात असलेल्या वस्तूचा लिहितोय, त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या. वस्तू म्हणजे आमच्या आबांची दुनळी बंदूक. बारा बोअर (हे नळीचं माप), दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप. विकायची नाहीये, किंमत विचारू नका.

आमचं मूळ गाव राधानगरी तालुक्यातलं. वरच्या अंगाला दाजीपूरचं रान, खाली ऊस आणि भात, मध्ये रानडुकरं. आबांनी पीक राखायचं लायसन काढलं आणि १९५४ साली ही सेकंडहँड बंदूक घेतली. पैसे किती दिले ते त्यांनी आज्जीला शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण त्या वर्षी गोठ्यातली एक बैलजोडी कमी झाली हे आज्जीच्या चांगलं लक्षात होतं आणि ती ते दर दिवाळीला आबांच्या लक्षात आणून द्यायची.

आबा कायम म्हणायचे, "इंग्लिश गन हाय, साध्या हातात द्यायची न्हाई." दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजीत फ्लुइड स्टील वगैरे कोरलेलं आहे, त्यामुळं गावात कुणालाच शंका आली नाही. आबा १९९१ ला गेले. नंतर लायसन पप्पांच्या नावावर झालं, आणि एकदा खंडेनवमीला बंदूक पुसताना मी नळ्या काढून उलट्या केल्या तर खालच्या सपाट भागावर अंड्यासारख्या गोलात ई एल जी अशी तीन अक्षरं, वर मुकुट. शेजारी एक बारकासा खांब, आणि एक सिंह, त्याच्याखाली पी व्ही. हे सगळे बेल्जियममधल्या लिएज गावच्या सरकारी तपासणीचे शिक्के. जास्तीचा बार भरून नळी फुटत नाही ना ते बघायचं आणि मग शिक्का मारायचा, हे काम तिथं १६७२ पासून चालू आहे. सिंहाचा शिक्का म्हणजे बिनधुराच्या दारूला नळी पास आहे. मी पप्पांना दाखवलं, पप्पांनी भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "हळू बोल."

बनवणाऱ्याचं नाव बंदुकीवर कुठंच नाही, आणि त्यात फसवाफसवी काही नाही, लिएजचा धंदाच तसा होता. आपल्या हुपरीला चांदीचं काम घरोघरी चालतं बघा, एक घर तार ओढतं, दुसरं घर डाक लावून सांधे जोडतं, तिसरं घुंगरू बसवतं आणि पैंजण शेवटी पेढीवर जाऊन विकलं जातं, तसंच तिथं. कुणी नुसत्या नळ्या करायचा, कुणी कळ, कुणी दस्ता कोरायचा, आणि व्यापारी जगभर माल पाठवायचे. गिऱ्हाईकाला इंग्रजी नाव आवडतं म्हणून इंग्रजी अक्षरंही कोरून द्यायचे. हिंदुस्थानात असल्या बंदुका गावोगाव आल्या, कारण लंडनच्या नामी बंदुका राजेरजवाड्यांच्याच आवाक्यात होत्या आणि बेल्जियमची एका बैलजोडीत बसत होती.

आता वापराविषयी. वरची किल्ली अंगठ्यानं उजवीकडं ढकलली की नळ्या आपल्या वजनानं खाली पडतात, आणि त्या पडण्यातच आतले दोन्ही घोडे चढतात, वेगळं काही करावं लागत नाही. ही युक्ती मूळची इंग्रजांची, १८७५ साली ॲन्सन आणि डीली या दोघांनी पेटंट घेतलं आणि मग सगळ्या युरोपनं उचलली. आमच्या बंदुकीत काडतूस आपोआप बाहेर उडत नाही, थोडंसं वर येतं आणि मग नखानं ओढायचं. आबांच्या डाव्या अंगठ्याचं नख त्यामुळं कायम काळं आणि जाडजूड. बंद करताना नळ्या वर घेतल्या की पट्टीच्या टोकाची भोकाची जीभ खाचेत जाते आणि तिच्यातून आडवा खिळा सरकतो. तो आवाज. जुन्या गोदरेज कपाटाचं हँडल फिरवल्यावर जो भरलेला 'खट्' येतो ना, त्याच्याही वर. सत्तर वर्षांत सांध्यात कागद जाईल एवढी फट नाही.

दोन चापांचं महत्त्व आजच्या पोरांना कळत नाही. पुढचा चाप उजव्या नळीचा, ती थोडी मोकळी, छर्रे लवकर पसरतात. मागचा डाव्या नळीचा, ती तोंडाशी आवळलेली, छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात. आबा उजवीत चार नंबरचे बारीक छर्रे भरायचे आणि डावीत एलजी म्हणजे मोठे छर्रे, म्हणजे समोर तित्तर उठला तर पुढचं बोट आणि डुक्कर आलं तर मागचं. बटण नाही, सेटिंग नाही, बोट मागं सरकवलं की काम झालं. हे सगळं अर्थात १९७२ च्या आधीचं. वन्यजीव कायदा आल्यावर आबांनी शिकार सोडली, कायद्याला घाबरून म्हणा किंवा गुडघे गेले म्हणून म्हणा, आणि पुढं बंदूक शेतावर नेली ती फक्त गवे हाकलायला एखादा बार हवेत काढण्यापुरती. त्याच्या आधी १९५८ लाच दाजीपूरला गव्यांचं अभयारण्य झालं होतं. ज्या रानात कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारी चालायच्या तिथंच. आज गवे बिनधास्त उसात येतात, एवढंच काय, रस्त्याकडंला उभे राहून एसटीकडं बघतात.

काडतुसांची वेगळी गंमत. जुनी विलायती काडतुसं कागदी नळीची असायची, आणि राधानगरीचा पाऊस तुम्हाला माहितीय. जूनमध्ये नीट बसणारं काडतूस ऑगस्टपर्यंत फुगायचं आणि नळीत अर्ध्यावर अडायचं. मग आज्जीनं तोडगा काढला, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. एकदा पाहुण्यांसाठी भात काढताना मापट्यात एली कंपनीची दोन काडतुसं आली आणि आमच्या आत्याच्या सासूनं त्या घरात परत जेवायला नकार दिला. नंतर खडकीच्या कारखान्याची प्लास्टिकची काडतुसं आली आणि तो त्रास मिटला, पण वास पण गेला. मेणकट कागद आणि जळालेली दारू, असा एक गोडसर वास होता, तो प्लास्टिकला नाही.

ज्यांच्या घरात अशी बंदूक आहे त्यांनी एक नक्की करा. नळीच्या खाली ६५ लिहिलंय का ७० ते बघा. ६५ मिलिमीटरच्या घरात (काडतूस बसतं ती जागा) ७० चं काडतूस आरामात बसतं, म्हणून लोक भरतात, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब नको तेवढा चढतो. आमची ६५ ची आहे. दुकानदार ७० देत होता, "बसतंय की ओ" म्हणत होता. बसण्याचा प्रश्नच नाहीये.

तोटे सांगायचे तर पहिला म्हणजे ती मला बसत नाही. आबा डावरे होते. बंदुकीचा दस्ता सरळ नसतो, उजव्या माणसासाठी किंचित बाहेर वळवलेला असतो म्हणजे गाल टेकला की डोळा बरोबर पट्टीवर येतो. आबांनी घेतली तेव्हा ती उजवी होती, कोल्हापुरातल्या एका शिकलगारानं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्यानं, दस्त्याच्या मानेवर गरम जवसाचं तेल ओतून ओतून लाकूड मऊ केलं आणि उलट्या बाजूला वाकवून दिलं. आक्रोडाचं लाकूड असं वाकतं यावर माझा विश्वास नव्हता, पण वरून बघितलं की वळण स्पष्ट दिसतं. मी उजवा, त्यामुळं खांद्याला लावली की गालाच्या हाडावर टोला. पप्पा पण उजवे, ते आयुष्यभर मान तिरकी करून उभे राहिले. परत वाकवून घ्यावी असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

दुसरा तोटा खंडेनवमीचा. दस्त्याच्या पकडीवर बारीक चौकड्यांची जाळी कोरलेली आहे, हात घसरू नये म्हणून. सत्तर दसऱ्यांचं हळदीकुंकू त्या जाळीत जाऊन बसलंय. टूथब्रशनं काढायचा प्रयत्न केला, आईनं हातातून ब्रश काढून घेतला.

आता मुख्य विषय, म्हणजे नाद. आपल्याकडं 'नाद खुळा' म्हणतात तो नाही, खराखुरा नाद. चांगल्या जुन्या दुनळीची परीक्षा अशी की नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायच्या, खालच्या हुकात एक बोट घालून लोंबत धरायच्या आणि नखानं टिचकी मारायची. दोन्ही नळ्या आणि वरखालच्या पट्ट्या कथलाच्या डाकानं एकजीव झालेल्या असतील तर देवळातल्या बारक्या घंटीसारखा आवाज येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. लहानपणी आबा आम्हाला गप्प करायला हे करायचे. नळ्या टांगायचे, टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "संपला आवाज की सांगा." आम्ही पाच पोरं कान लावून बसायचो, आणि सगळ्यात शेवटी "संपला" म्हणेल त्याला गूळ-शेंगदाणे.

हा नाद मी घालवला. पाच-सहा वर्षांपूर्वी नळ्यांचा काळा रंग बराच उडाला होता, तर एका मोठ्या शहरातल्या दुकानात दिली. नाव घेत नाही. "एकदम नव्यासारखी करून देतो साहेब" म्हणाला, चार दिवसांत दिली पण, आणि खरंच काय चमकत होती, आरशासारखी, पप्पा पण खूश. घरी आणून सवयीनं टांगून टिचकी मारली तर 'टप्प'. मडक्यावर मारल्यासारखं. परत मारली, टप्प. झालं काय होतं की त्यांनी उकळत्या क्षाराच्या हौदात बुडवून काळा रंग दिला होता. आजच्या रायफलीला ते चालतं, पण डाकाच्या जोडणीच्या जुन्या दुनळीत तो क्षार पट्टीच्या आत शिरतो, डाक खातो, आणि आतून गंज चालू होतो. वरून लग्नातल्या घोड्यासारखी सजलेली आणि आतून पट्टी सुटलेली. फोन केला तर म्हणाला, "आवाजाचं काय घेऊन बसलाय, शो बघा की." सर्व्हिसला स्टार द्यायचे तर शून्याच्या खाली काही असेल तर सांगा.

मग कोल्हापुरातच लायसनवाले एक म्हातारे चाचा सापडले, ज्यांच्या वाडवडिलांपासून शिकलगारीचं काम. दुकान म्हणजे एक बाक, एक शेगडी आणि चाळीस वर्षांचं कॅलेंडर. त्यांनी कागदपत्रं बघितली, नळ्या टांगून टिचकी मारली आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी आजीला वृद्धाश्रमात सोडून आलोय. म्हणाले, "बाळ, हिला नवी कराय कुणी सांगितलंतं?" मग दस्ता हातात घेतला, वरून एक डोळा मिटून बघितलं, आणि विचारलं, "घरात डावरं कोण?" मी म्हटलं आजोबा. तर म्हणाले, "ही मान आमच्या अब्बांच्या हातची हाय." खरं असेल, नसेल, मी त्यांच्याशी घासाघीस केली नाही.

काम जूनमध्ये आणायला सांगितलं. मला वाटलं गर्दी असेल, तर नाही, काळा रंग गंजवून चढवायचा असतो आणि त्याला ओली हवा लागते. आधी पट्ट्या पूर्ण उकलल्या, आतला गंज आणि जुना डाक खरवडून काढला, नव्यानं कथील चढवलं, राळ लावली, लोखंडी तारेनं करकचून बांधून मध्ये पाचरी ठोकल्या आणि शेगडीवर हळूहळू गरम केलं. घाई नाही. मग नळ्या चुन्यानं घासून तेलाचा अंश घालवला, बोट लागू दिलं नाही, अगदी माझंही. औषध फासून रात्रभर टांगली, सकाळी लाल गंज, उकळत्या पाण्यात घातली की तो लाल गंज काळा होतो, तारेच्या ब्रशानं घासायचं, परत औषध. असं आठ वेळा. रंग चमकत नाही, विझलेल्या निखाऱ्यासारखा मंद काळा आहे, आणि मूळचा असाच होता हे मला तेव्हा आठवलं. पाच आठवडे लागले. चाचांना पाचपैकी सहा.

रायफलींबद्दल पण थोडं, कारण आमच्या मामांकडं त्या होत्या. मामांची .३१५ ची रायफल, बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची. ही गोळी मुळात ऑस्ट्रियाच्या सैन्याची जुनी ८ मिलिमीटर मॅनलिकर. इंग्रजांच्या काळात सैन्याची .३०३ सामान्य माणसाला बंद, म्हणून जिचं काडतूस सैन्याच्या बंदुकीत चालणार नाही अशी गोळी शिकारीसाठी दिली, आणि ती आपल्याकडं अशी रुजली की सरकारी कारखान्यानं पुढं तीच चालू ठेवली. तसंच .४५० चं. १९०७ साली हिंदुस्थानात त्या बोअरला बंदी आली आणि लंडनवाल्यांनी लगेच .४६५, .४७० असली नवी मापं काढली. कायदा एक सूत सरकला की कारागीर पण एक सूत सरकतो, हे मामांचं लाडकं वाक्य. मामांकडं तीन हत्यारं होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच ठेवता येतात, तर एक जमा करावं लागलं. कुठलं द्यायचं यावर त्यांनी दोन महिने घेतले, मुलीचं स्थळ ठरवायला पण एवढे नव्हते घेतले.

पण सगळ्यात सुंदर रायफल मी मामांच्या एका दोस्ताच्या वाड्यात बघितली, मॅनलिकर शोनॉवर, ६.५ ची. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत, बोल्टची मूठ चमच्यासारखी चपटी, आणि आत गोळ्यांची फिरती चरखी. मालकांनी रिकामी करून माझ्या हातात दिली, मी बोल्ट मागं ओढला आणि वाटलं चुकून तुटला की काय, कारण काही लागलंच नाही हाताला. लोण्यात सुरी. मी तेव्हा अकरावीत होतो, परत हात लावायला मिळाला नाही.

कुणाला बघायच्याच असतील तर कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यात जा, शहाजी छत्रपती म्युझियम. राजवाडा १८८४ चा. आत शस्त्रं आहेत, भुसा भरलेले वाघ आहेत, शिकारीचा सगळा थाट आहे, आणि कोल्हापुरात चित्ते पाळून काळवीट धरायचे तो इतिहास पण. तक्रार एकच की बंदुका काचेमागं असतात. नक्षी दिसते, पण बंदूक ही हातात घेऊन तोलायची वस्तू, काचेतून तिचं वजन कुठं पडतं ते कसं कळणार. तरी पोरांना न्या. माझा भाचा रेंजवर एअर रायफल मारतो, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि आता कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ, यानंतर कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत एक जॅकेट घातलेलं पोर आहे. त्याला आमची दुनळी दाखवली तर म्हणाला, "मामा, हिला साईट कुठाय?" मी पुढचा पितळी मणी दाखवला. तो बराच वेळ वाट बघत होता, की अजून काहीतरी दाखवीन.

तर मार्क. बंदूक म्हणून साडेचार. अर्धा कापला तो माझ्या गालासाठी. सांभाळायला सोपी आहे, बार काढला असेल तर त्याच दिवशी गरम पाणी, कोरडं फडकं, मग तेल, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून हवा. चामड्याच्या खोळीत ठेवू नका, चामडं ओल धरतं.

हे लिहिताना ती घरात नाहीये. इलेक्शन लागलंय, लायसनची हत्यारं जमा करायला लावली आहेत. मागच्या वेळी परत आली तेव्हा दस्त्यावर अमुक नंबरची चिठ्ठी फेव्हिकॉलनं चिकटवलेली होती, ती काढताना थोडं पॉलिश गेलं. या वेळी मी घरूनच दोऱ्यानं चिठ्ठी बांधून दिली. चाचांनी डाक लावून दिल्यावर टिचकी मारली तर वाजली, घंटीसारखीच वाजली, पण आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी ह्याच्यापेक्षा जास्त वेळ वाजायची." पप्पा म्हणाले नाही, एवढीच वाजायची. निकाल लागून परत आली की दोघांना समोर बसवून घड्याळ लावणार आहे.